पायलट आणि कंट्रोलर यांच्यात गफलत होते तरी कशी? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बत्तीस वर्षं हवाई वाहतूक नियंत्रकाची नोकरी करून मी साताऱ्याला परत आलो. तेव्हापासून कराड, वाई, मिरज, विटा, कुठे ना कुठे शाळेत किंवा वाचनालयात बोलायला बोलावणं येतं. भाषण कोणाच्या लक्षात राहत नाही, पण नंतरचे प्रश्न चांगले असतात आणि बरेचसे तेच तेच असतात. म्हणून एकदाच लिहून काढतोय.

कंट्रोलर म्हणजे विमानासमोर उभा राहून हातवारे करणारा माणूस ना?

नाही. तो मार्शलर. माझ्या सासऱ्यांनाही लग्नानंतर सहा वर्षं तसंच वाटत होतं. कंट्रोलर टॉवरमध्ये किंवा रडारच्या पडद्यासमोर बसतो आणि विमानाला कधी, कुठून, किती उंचीवर जायचं ते रेडिओवर सांगतो. त्याला पायलटचा चेहरा दिसत नाही आणि पायलटला त्याचा. मधे फक्त आवाज, तोही खरखरीत.

रात्री अजिंक्यताऱ्यावरून जाताना दिसतात त्या विमानांशी कोण बोलत असतं?

मुंबई. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मुंबईच्या हवाई क्षेत्रात येतात. लुकलुकणारा दिवा गोव्याकडे जाणारा असो की बंगळूरुकडे, त्याच्या कानात मुंबईच्या कंट्रोलरचा आवाज असतो. पुण्याचा लोहगाव तळ हवाई दलाचा, त्यामुळे तिथलं नियंत्रण त्यांच्याकडे. कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळातली, तिथे लहान विमानंच उतरतात. सांगलीकर लगेच कवलापूरचं विचारतात. ती धावपट्टी विमानांपेक्षा आश्वासनांच्या उड्डाणासाठीच जास्त वापरली गेली, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

दोघंही शिकलेले, दोघांनाही इंग्रजी येतं. मग गैरसमज होतोच कसा?

एक घरचा किस्सा सांगतो. माझा एक पंजाबी सहकारी सुट्टीत आमच्याकडे साताऱ्याला आला होता. मोडकंतोडकं का होईना, मराठी त्याला बऱ्यापैकी कळायचं. जेवणं झाली, माझे मामा उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "बरं, येतो मग." सहकारी चटकन सरकला आणि बाकावर त्यांना जागा करून दिली. शब्द त्याला बरोबर ऐकू आला होता, त्याचा अर्थही माहीत होता. फक्त आपल्याकडे निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, हे ठाऊक नव्हतं.

'परवा'चंही तेच. होऊन गेलेला परवा की यायचा परवा, हे आपण मागच्यापुढच्या बोलण्यावरून ठरवतो. रेडिओवर मागचंपुढचं काही नसतं. पाच सेकंदांचं वाक्य, लगेच दुसऱ्या विमानाचा आवाज. ऐकू आलं नाही तर माणूस पुन्हा विचारतो, म्हणून तो धोका लहान. ऐकू आलं, समजलं अशी दोघांचीही खात्री झाली आणि समजलं मात्र वेगवेगळं, हा खरा धोका. तिथे पुन्हा विचारावं असं कोणाच्या मनातच येत नाही.

टेनेरिफचा अपघात म्हणजे नक्की काय? सगळे त्याचंच नाव घेतात.

घेण्यासारखंच आहे. २७ मार्च १९७७. कॅनरी बेटांवर ग्रान कनारियाच्या विमानतळावर बॉम्ब फुटला आणि तिकडची विमानं शेजारच्या टेनेरिफच्या लॉस रोडिओस या लहान विमानतळावर वळवली. त्यात दोन बोइंग ७४७ होती, एक डच कंपनी केएलएमचं आणि एक अमेरिकन कंपनी पॅन ॲमचं. गर्दी इतकी की विमानांना धावपट्टीवरूनच चालत जावं लागत होतं. त्यात धुकं उतरलं. टॉवरला विमानं दिसेनात, विमानांना एकमेकं दिसेनात.

केएलएमचं विमान धावपट्टीच्या टोकाला उभं होतं. कंट्रोलरने त्याला उड्डाणानंतर कुठे वळायचं, किती उंची गाठायची ते सांगितलं. हा मार्गाचा क्लिअरन्स, उड्डाणाची परवानगी नव्हे. पण त्या वाक्यात 'टेकऑफ' हा शब्द होता. सहवैमानिकाने ते परत म्हणून दाखवलं आणि शेवटी जोडलं, "वुई आर नाऊ ॲट टेकऑफ." कंट्रोलरला वाटलं, टेकऑफच्या जागेवर उभे आहेत. प्रत्यक्षात विमान पळायला लागलं होतं. डच भाषेच्या वळणाने त्या वाक्याचा अर्थ 'आम्ही उड्डाण करतोच आहोत' असा होतो, असं भाषेचे अभ्यासक म्हणतात. मामांचं 'येतो' मला आठवतं ते इथे.

कंट्रोलर म्हणाला, "ओके." क्षणभर थांबून म्हणाला, "टेकऑफसाठी थांबा, मी सांगतो." त्याच क्षणी पॅन ॲमचा पायलट सांगत होता की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन आवाज एकावर एक आले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके'नंतर जवळपास शिट्टीच ऐकू गेली. तिथल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. पॅन ॲम अजून बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलंही. कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालंय. ५८३ माणसं गेली. वाचलेले ६१ जण सगळे पॅन ॲमचे.

त्यानंतर 'टेकऑफ' या शब्दावर पहारा बसला. प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच तो उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. एसटीत कंडक्टरची घंटी एकदा वाजली की थांब आणि दोनदा वाजली की चल, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. म्हणूनच कुठलाही कंडक्टर गंमत म्हणून डबल बेल मारत नाही. तसंच हे.

'रॉजर' म्हणजे 'हो' ना?

मुळीच नाही. 'रॉजर' म्हणजे तुमचं बोलणं पूर्ण मिळालं, बस. 'हो' साठी 'अफर्म', 'नाही' साठी 'निगेटिव्ह', 'सांगितलंत तसं करतो' साठी 'विल्को', 'जमणार नाही' साठी 'अनेबल'. आपण फोनवर 'हं, हं' करत राहतो. ते 'हं' म्हणजे ऐकतोय, की पटलं, की करतो, हे पलीकडच्याने आपापल्या सोयीने घ्यायचं. उसाची बिलं आणि लग्नाची बोलणी अशा 'हं'वर अडतात, माणसं मरत नाहीत. 'ओके' हा शब्द तर मला विमानाच्या रेडिओवर अजिबात आवडत नाही. कारण वर आलंच.

कंट्रोलरने सांगितलेलं पायलट पुन्हा का म्हणून दाखवतो? वेळ जात नाही का?

जातो, आणि जायलाच हवा. याला रीडबॅक म्हणतात. उंची, दिशा, वेग, धावपट्टीचा क्रमांक, हवेच्या दाबाचा आकडा, नवी फ्रिक्वेन्सी हे पायलटने शब्दशः परत म्हणायचं. किराणा दुकानदार यादी लिहून झाल्यावर वाचून दाखवतो तसं. पण खरी गोम पुढे आहे. ते वाचून दाखवलेलं कंट्रोलरने कान देऊन ऐकायला हवं. याला हिअरबॅक म्हणतात, आणि साखळी बहुतेक वेळा इथेच तुटते.

माझी तुटली होती. विमानतळाचं नाव नको. नोकरीची सुरुवातीची वर्षं, संध्याकाळची गर्दी. उतरणाऱ्या एका विमानाला मी 'फ्लाइट लेव्हल वन वन झिरो' दिली, म्हणजे ढोबळमानाने ११,००० फूट. १०,००० वर दुसरं विमान होतं. पायलटने परत म्हटलं आणि मी पुढच्या विमानाकडे वळलो. तेवढ्यात शेजारच्या सीनिअर मॅडमनी माझ्या माइकचं बटण दाबून त्याला 'वन वन झिरो'वर थांबायला लावलं. तो म्हणाला होता 'वन झिरो झिरो'. मी शपथेवर सांगत होतो की तो बरोबर म्हणाला. नंतर टेप ऐकवली. लख्ख 'वन झिरो झिरो'. कान माझे शाबूत होते, पण मला जे ऐकायचं होतं तेच मी ऐकलं.

सांगलीत हे सांगितलं की हशा पिकतो. त्यांच्या गाड्या एमएच १०, आमच्या एमएच ११. एका आकड्याने जिल्हा बदलतो.

१९ फेब्रुवारी १९८९ला क्वालालंपूरजवळ एक मालवाहू ७४७ टेकडीवर आदळलं ते असंच. कंट्रोलर म्हणाला, उतरा, "टू फोर झिरो झिरो", म्हणजे २,४०० फूट. कॉकपिटमध्ये तो 'टू' आकडा न वाटता 'पर्यंत' या अर्थाचा इंग्रजी शब्द वाटला. म्हणजे ४०० फुटांपर्यंत. पायलटने ४०० म्हणून रीडबॅक दिला आणि कोणी त्याला अडवलं नाही. विमानातले चौघंही गेले.

इंग्रजी आकडे ते असे विचित्र का उच्चारतात?

'थ्री'ला 'ट्री', 'फोर'ला 'फोवर', 'फाइव्ह'ला 'फाइफ', 'नाइन'ला 'नायनर'. खरखरीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' सारखेच ऐकू येतात, म्हणून त्यांना मुद्दाम वेगळं वळण दिलंय. आणि आकडे शक्यतो एकेक करून म्हणायचे. मराठीत फोनवर 'एकोणसाठ' की 'एकोणसत्तर' यावर किती भांडणं होतात, आठवून बघा. शेवटी आपणही म्हणतोच की, पाच नऊ, पाच नऊ.

अक्षरांचंही तसंच. बी, डी, पी, टी हे रेडिओवर सगळे भाऊभाऊ. म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो. ही यादी १९५६ पासून जगभर एकच आहे. आपल्या शाळेत 'पोटफोड्या ष' आणि 'बाणातला ण' म्हणून हेच तर शिकवलं होतं.

आपल्या देशात असं काही झालंय?

झालंय, आणि हा प्रश्न आला की माझा आवाज जरा खाली येतो. १२ नोव्हेंबर १९९६ची संध्याकाळ, हरियाणातल्या चरखी दादरीचं आकाश. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं ७४७ वर चढत होतं आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ दिल्लीकडे उतरत होतं. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, सौदीला १४,००० वर. समोरून विमान येतंय हेही कंट्रोलरने कझाक विमानाला सांगितलं. तरी ते १५,००० च्या खाली उतरत राहिलं आणि दोन्ही विमानं आपटली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने मुख्य दोष कझाक विमानाच्या उतरत राहण्याला दिला. पण त्यामागची कारणं मी मुलांना सावकाश सांगतो. त्या विमानात पायलट स्वतः रेडिओवर बोलत नव्हते, बोलायला वेगळा रेडिओ ऑपरेटर होता. त्याच्यासमोर उंचीचं स्वतंत्र यंत्र नव्हतं, पायलटच्या खांद्यावरून डोकावून बघावं लागे. म्हणजे सूचना ऐकणारा एक आणि विमान चालवणारा दुसरा, त्यात इंग्रजी कच्चं. त्या देशांत उंची मीटरमध्ये मोजायची सवय, इथे फूट. आणि दिल्लीत तेव्हा विमानाची उंची पडद्यावर दाखवणारं दुय्यम रडार नव्हतं. कंट्रोलरला ठिपका दिसत होता, पण तो किती उंचीवर आहे ते पायलट सांगेल तेच खरं.

त्यानंतर दिल्लीला येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले, नवं रडार आलं आणि विमानांमध्ये टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. तुमच्या विमानात आज जे यंत्र आहे, त्याच्या सक्तीमागे हे गाव आहे.

संकटात असलेला पायलट स्पष्ट का सांगत नाही?

आपल्याकडे उसने पैसे मागायला आलेला माणूस आधी पावसाबद्दल बोलतो, मग पोरांच्या फीबद्दल, आणि उठता उठता म्हणतो, "जरा अडचण होती." त्या 'जरा'मध्ये त्याचं घर गहाण पडलेलं असतं.

२५ जानेवारी १९९०ला कोलंबियाच्या एव्हियान्का कंपनीचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कला येताना वाटेत एकूण तासाभराहून जास्त घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलं होतं. कॅप्टनने सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगितलं, आणीबाणी आहे असं सांग. सहवैमानिक रेडिओवर म्हणाला, आमचं इंधन संपत चाललंय. 'इमर्जन्सी' म्हणाला नाही, 'मेडे' ही संकटाची ठरलेली हाकही दिली नाही. न्यूयॉर्कच्या गर्दीत इंधनाची कुरकुर कंट्रोलरच्या कानावर रोजच पडायची, हेही तसंच वाटलं. विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८पैकी ७३ जण गेले. टाक्या कोरड्या होत्या, त्यामुळे आग लागली नाही.

आता यासाठी ठरलेले शब्द आहेत: 'मिनिमम फ्युएल' आणि त्याच्या पुढचं 'मेडे मेडे मेडे फ्युएल'. दुसरं ऐकलं की कंट्रोलर बाकी सगळी विमानं बाजूला सारतो. आडवळणाला जागा ठेवलेली नाही.

सगळीकडे इंग्रजीच का? आपल्या पायलटशी आपल्या भाषेत बोललं तर काय बिघडलं?

नियमाप्रमाणे स्थानिक भाषा चालते. मात्र कोणी इंग्रजी मागितली तर ती द्यावीच लागते. भारतात व्यवहार इंग्रजीतच होतो. 'नमस्कार' आणि 'राम राम' तेवढे चालतात, आणि रात्री तीन वाजता मुंबईच्या फ्रिक्वेन्सीवर एखादा 'जय महाराष्ट्र' कानावर पडला की बरं वाटतं हे कबूल करतो.

बिघडतं काय ते पॅरिसमध्ये दिसलं. २५ मे २०००च्या रात्री कंट्रोलरने फ्रेंच विमानाला उड्डाणाची परवानगी फ्रेंचमध्ये दिली. त्याच धावपट्टीवर मधल्या रस्त्याने येऊ घातलेल्या ब्रिटिश मालवाहू विमानातल्या दोघांना फ्रेंच कळत नव्हतं. इंग्रजीत ऐकलं असतं तर निदान दचकले तरी असते. टक्कर झाली, सहवैमानिक गेला.

रेडिओ बंदच पडला तर?

पायलट ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७६०० हा आकडा लावतो, पडद्यावर आम्हाला ते कळतं. टॉवरमधून दिव्याची खूण करता येते. उडत्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. बंद पडलेला रेडिओ मला तितका भीतीदायक वाटत नाही. बंद आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

कंट्रोलर वर जा म्हणतो आणि विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र खाली जा म्हणतं, तेव्हा?

यंत्राचं ऐकायचं, आणि तसं कंट्रोलरला सांगायचं. १ जुलै २००२ला जर्मनीत उबरलिंगेनवर दोन विमानांपैकी एकाने यंत्राचं ऐकलं आणि दुसऱ्याने कंट्रोलरचं. दोघंही खाली उतरले. ७१ जण गेले, त्यात शाळकरी मुलं बरीच.

मोबाइलवर मेसेज करतात तसं लिहून का पाठवत नाहीत?

पाठवतात. अरबी समुद्रावरून लांब पल्ल्याची विमानं जातात तेव्हा बरंचसं बोलणं मजकुरानेच होतं. ऐकण्यातली चूक तिथे उरत नाही. पण मिनिटाला एक विमान उतरतंय अशा ठिकाणी टाइप करत कोण बसेल?

आणखी एक गोष्ट हरवते, ती सांगलीकरांना पटकन कळते. हळदीचा सौदा उघड बोलीने होतो, भाव सगळ्यांच्या कानावर पडतो. खरसुंडीच्या जत्रेत खिल्लार बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं धरून व्हायचा, भाव दोघांतच राहायचा. रेडिओ म्हणजे उघड बोली. शेजारच्या विमानाला काय सांगितलं ते तुम्हीही ऐकता, आणि 'अरे, त्या उंचीवर तर मी आहे' असं ओरडू शकता. मजकूर म्हणजे रुमाल.

अशी चूक झाली की कंट्रोलरची नोकरी जाते का?

माझी गेली नाही. त्या दिवसापुरतं मला खुर्चीवरून उठवलं, चौकशी झाली, पुन्हा प्रशिक्षण झालं. सगळं बोलणं रेकॉर्ड होत असतं, त्यामुळे लपवायला जागाच नसते. माझं स्पष्ट मत आहे की चूक कबूल करणाऱ्याला पहिल्याच झटक्यात घरी पाठवलं, तर पुढची चूक कोणी सांगणारच नाही. मात्र हे मत प्रत्येक साहेबाचं असतं असं नाही.

माझी मुलगी मराठी माध्यमातली. तिला हे काम जमेल का?

हा प्रश्न बहुतेक वेळा आई विचारते, सगळे निघाल्यावर, दाराशी. जमेल. मी साताऱ्याच्या मराठी शाळेतलाच. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन विज्ञानाची पदवी, किंवा अभियांत्रिकी, मग विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा, मग प्रयागराजसारख्या केंद्रात प्रशिक्षण. इंग्रजीची वेगळी चाचणी असते. सहा पायऱ्यांपैकी किमान चौथी लागते, आणि चौथीवाल्याला ती दर तीन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. तिथे शेक्सपिअर विचारत नाहीत. उच्चार कळतो का, अनपेक्षित काही घडलं तर साध्या वाक्यात सांगता येतं का, आणि न कळल्यास 'से अगेन' म्हणायला जीभ कचरते का, हे बघतात. आपल्या मुलांचं अडतं ते या शेवटच्या ठिकाणी. वर्गात 'कळलं का?' म्हटलं की सगळी 'हो' म्हणतात.

घरच्या घरी करण्यासारखा एक सराव सांगतो. दोघी मैत्रिणींनी एसटी स्टँडवर उभं राहायचं. एकीने येणाऱ्या गाडीचा नंबर इंग्रजीत एकेक आकडा करून म्हणायचा, दुसरीने तो न बघता परत म्हणायचा. दहातला एखादा तिने मुद्दाम चुकवायचा, न सांगता. सातारा-सांगली गाड्यांच्या गर्दीत, भोंग्यांच्या आवाजात, तो चुकलेला एक पहिलीने पकडायचा. बहुतेक जणी पहिल्या दिवशी अशा चार चुकांतल्या दोन सोडतात.